मासा मोजायचा कुठे?

गेल्या सेमिस्टरमधला एक बुधवार. मेसमध्ये बांगडा होता. ताटात आलेला बांगडा डोक्या-शेपटीसकट तळलेला आणि जेमतेम हाताच्या मधल्या बोटापेक्षा थोडा मोठा. सबमिशनचे दिवस असल्यामुळे सिव्हिलच्या एका मित्राच्या खिशात स्टीलची पट्टी होतीच. त्याने गंभीर चेहऱ्याने मासा मोजला आणि जाहीर केलं, "साडेअकरा सेंटिमीटर. ही तर बालमजुरी झाली!" सगळं टेबल हसलं. मेसच्या काकांचं म्हणणं एवढंच, की बाजारात हेच येतंय, आणि या रेटमध्ये हेच येणार.

जेवणानंतर कॉरिडॉरमध्ये विषय पुढे गेला. हॉस्टेलमध्ये विषय पुढे जायला कारण लागत नाही. विदर्भातल्या माझ्या रूममेटने (ज्याने पहिल्यांदा समुद्र बघितला तो कॉलेजच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला) दोन मिनिटांत प्रश्न सोडवून टाकला: "सोपं आहे यार. सरकारने कोटा ठरवून द्यावा. वर्षाला इतके टन. तेवढे झाले की बंद." मी मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरचा. आजोबा रापणीत, वडिलांची छोटी होडी, चुलतभाऊ रत्नागिरीच्या बाजूला पर्ससीन बोटीवर. म्हणजे या विषयातला मीच घरचा माणूस, आणि मलाच त्याला उत्तर देता येईना. त्याचं बरोबर नाही एवढंच आतून वाटत होतं. का बरोबर नाही, हे शोधायला मला दोन महिने लागले. त्यातलं थोडंफार इथे लिहितो.

मासेमारीवर मर्यादा घालायची तर तीन नळ आहेत. पहिला नळ म्हणजे एकूण पकड: वर्षाला अमुक टन. यालाच कोटा म्हणतात. दुसरा म्हणजे मेहनत: किती बोटी, किती दिवस, कोणतं जाळं, जाळ्याची आस किती. (आस म्हणजे जाळ्याच्या एका घराचं माप. हा शब्द आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतो.) तिसरा म्हणजे माशाचं वय, आणि वय विचारता येत नाही म्हणून लांबी. भारतात किनाऱ्याच्या मासेमारीसाठी पहिला नळ नाहीच. आपले सगळे नियम दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचे आहेत. रूममेटला हा ढिसाळपणा वाटला. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग मी कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून एक्सेलमध्ये एक समुद्र तयार केला.

तुम्हीही करून बघा, पंधरा मिनिटांचं काम आहे. समजा एका खाडीसमोरच्या पाण्यात जास्तीत जास्त १००० टन बांगडा मावतो. त्याहून जास्तीला खायला नाही, जागा नाही. मासा कमी असेल तेव्हा वाढ कमी, कारण अंडी घालणारेच थोडे. पाणी माशांनी भरलेलं असेल तेव्हाही वाढ कमी, कारण गर्दी. सर्वांत जास्त वाढ मधोमध, ५०० टनांवर. हा लॉजिस्टिक वाढीचा फंडा मॅथ्समध्ये आपण सगळ्यांनी परीक्षेपुरता केलेला आहे. मिल्नर शेफर या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये तो मासेमारीला लावला. वार्षिक वाढीचा दर ०.४ धरला, तर ५०० टनांवर वर्षाला १०० टन नवीन मासा तयार होतो. म्हणजे दरवर्षी १०० टन काढले तर कायम काढता येतील. याला इंग्रजीत भलंमोठं नाव आहे. मराठीत आपण त्याला व्याज म्हणू.

आता समजा कोटा ठरवणाऱ्या साहेबांची थोडी चूक झाली. १०० च्या जागी त्यांनी १२० टन ठरवले. फक्त वीस टनांची चूक. सुरुवात भरलेल्या समुद्रापासून, १००० टनांवर. पहिल्या वर्षाअखेर ८८० टन उरतात. पाच वर्षांनी ६६५. दहा वर्षांनी ५३८. पंधरा वर्षांनी ४३७. वीस वर्षांनी ३१०. पंचवीस वर्षांनी ५४. सव्विसाव्या वर्षी १२० टन द्यायला समुद्रात मासाच नाही.

मला धक्का बसला तो शेवटच्या आकड्याचा नव्हे. शेजारच्या रकान्यात मी जेटीवर उतरलेला मासा लिहिला होता. तिथे पंचवीस वर्षं एकच आकडा: १२०, १२०, १२०. जेटीवर उभं राहून टोपल्या मोजणाऱ्याला चोविसाव्या वर्षीसुद्धा सगळं आलबेल दिसतं. आपण व्हायवाला पाठ करून सांगतो की सेन्सर चुकीच्या जागी बसवला तर कंट्रोल सिस्टिमचा उपयोग नाही. इथे सेन्सर जेटीवर आहे आणि टाकी समुद्रात.

हे फक्त एक्सेलमध्ये होतं असं कुणाला वाटत असेल, तर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंडची गोष्ट ऐका. तिथला कॉड मासा शतकानुशतकं युरोपला पुरला. १९६८ मध्ये परदेशी ट्रॉलरांसकट सगळ्यांनी मिळून तिथून आठ लाख टनांच्या आसपास कॉड काढला, आणि नंतर पकड घसरली. १९७७ मध्ये कॅनडाने २०० मैलांपर्यंतचं पाणी आपल्या ताब्यात घेतलं, परदेशी बोटी बाहेर काढल्या आणि शास्त्रीय पद्धतीने कोटा ठरवायला सुरुवात केली. म्हणजे माझ्या रूममेटला हवं होतं नेमकं तेच. कॉम्प्युटर होते, शास्त्रज्ञ होते, कायदा पाळायला लावणाऱ्या बोटी होत्या.

पण अंदाज चुकत होते, कारण अंदाजाचा मोठा आधार म्हणजे मोठ्या ट्रॉलरांना तासाला किती मासा मिळतो हा होता. कॉड कमी झाला तरी तो कळपानेच राहतो, आणि सोनार लावलेला ट्रॉलर थेट त्या कळपावर जातो. त्यामुळे तासाची पकड छानच दिसत राहिली. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे मात्र १९८० च्या दशकात ओरडून सांगत होते, की मासा येत नाही, आला तर बारका येतो. त्यांचं म्हणणं म्हणजे 'किस्से', आणि ट्रॉलरचा म्हणजे 'डेटा'. पुढे शास्त्रज्ञांचे स्वतःचे आकडेही बदलले. १९८९ साठी त्यांनी कोटा सव्वा लाख टनांवर आणायला सांगितलं. कारखाने बंद पडतील, लोक बेकार होतील या भीतीने सरकारने तो २ लाख ३५ हजारांवर ठेवला. २ जुलै १९९२ ला मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी तिथली कॉडची मासेमारी बंद केल्याचं जाहीर केलं. सुमारे तीस हजार माणसांचं काम एका दिवसात गेलं. बंदी दोन वर्षांसाठी आहे असं सांगितलं होतं. मधल्या काळात थोडी मर्यादित मासेमारी चालू राहिली, पण बंदी अधिकृतपणे उठली ती २०२४ मध्ये, आणि तेव्हा कोटा ठरला १८,००० टन.

बेकार होण्याच्या भीतीने कोटा कमी केला नाही, आणि म्हणून सगळेच बेकार झाले. माझ्या आजोबांना मी हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मगे? ल्हान होडयेवाल्याचा कोण आयकता?" त्यांना कॅनडा कुठे आहे ते माहीत नाही.

आता दुसऱ्या नळाकडे येऊ. त्याच एक्सेलमध्ये मी कोटा काढला आणि नियम बदलला: टन ठरवायचे नाहीत, समुद्रात जे असेल त्याचा ठराविक हिस्सा काढायचा. बोटी, दिवस आणि जाळी मर्यादित ठेवली की साधारण असंच होतं, कारण मासा अर्धा झाला की त्याच मेहनतीला मासाही अर्धाच मिळतो. इथेही मुद्दाम चूक केली. २५ ते ३० टक्क्यांची सवय लागलेली नाही, पण योग्य २० टक्क्यांऐवजी २४ टक्के हिस्सा काढला. म्हणजे मघाच्याइतकीच, वीस टक्क्यांची चूक. काय झालं? समुद्र ४०० टनांवर येऊन थांबला आणि वर्षाला ९६ टन मासा मिळत राहिला. चार टनांचं नुकसान, पण बुडीत नाही. एखादं वर्ष खराब गेलं तरी आकडा हळूहळू परत ४०० वर येतो. कंट्रोल सिस्टिमवाल्यांनी ओळखलं असेल, हा निगेटिव्ह फीडबॅक आहे. कोट्यात तो नाही. कोटा म्हणजे उघडा ठेवलेला नळ, टाकीत पाणी किती आहे ते न बघता.

आपल्याकडे खराब वर्ष ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. केरळात २०१२ मध्ये जवळजवळ चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये मिळाली ती ३,२९७ टन. यात अतिमासेमारी किती आणि समुद्र तापण्याचा, एल निनोचा वाटा किती यावर कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ भरपूर काम करतात. मुद्दा असा, की जिथे नऊ वर्षांत एका माशाचा आकडा शंभराव्या भागाच्याही खाली जातो तिथे पुढच्या वर्षीचे टन आज कसे ठरवणार? त्यात आपल्या एका जाळ्यात एक जात येत नाही. डोल जाळ्यात बोंबील येतो, जवळा येतो, ढोमी येते, पापलेटाची पिल्लं येतात. बोंबलाचा कोटा संपला म्हणून जाळ्याला कसं सांगणार, की आता फक्त जवळा घे?

म्हणून आपले नियम मेहनतीला आवर घालणारे आहेत, आणि हे मला आता ढिसाळ वाटत नाही. सर्वांत जुना आणि लोकांना पटलेला नियम पावसाळी बंदीचा. पूर्वी महाराष्ट्रात ती १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तिथपर्यंत असायची. आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. बिनइंजिनाच्या होड्यांना त्यातून सूट आहे. नारळी पौर्णिमा आली नसताना १ ऑगस्टला बोटी सुटतात याचं आमच्या आजीला फार वाईट वाटतं, पण तो वेगळा लेख होईल.

पण या नळालाही एक गळती आहे, आणि आमच्या किनाऱ्यावरची सगळी भांडणं त्या गळतीवरून आहेत. बोटी तेवढ्याच, दिवस तेवढेच, पण बोटीची ताकद वाढली तर? माझ्या एक्सेलमध्ये २४ टक्क्यांचे ४८ टक्के केले, तर समुद्र हळूहळू शून्याकडे गेला. कागदावर एकही नियम मोडला नव्हता. फिश फाइंडर, जीपीएस, मोठं इंजिन, बर्फाची मोठी खण हे सगळं त्या टक्क्यांत मोजलं पाहिजे.

रापण म्हणजे काय ते आधी सांगतो. होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. तीस-चाळीस माणसं लागतात. मासा निघाला की वाटे पडतात. माझे आजोबा यात वाढले. रापणीचं जाळं माशाच्या मागे जात नाही. मासा किनाऱ्याला लागला तरच रापणीला. पर्ससीन उलट. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा दिसला की त्याच्याभोवती जाळ्याची भिंत उभी करायची आणि खालची दोरी ओढून बटव्याच्या नाडीसारखं तोंड बंद करायचं. सगळा थवा आत. त्यात रात्री एलईडी दिवे लावले तर थवा शोधायचीही गरज नाही, तोच येतो. सन्मान्य मेकॅनिकल विभागाच्या दृष्टीने यंत्र म्हणून पर्ससीन अप्रतिम आहे. तीच तर अडचण आहे.

५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने महाराष्ट्र सरकारने आपल्या हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांत (साधारण २२ किलोमीटर), पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुदत दिली आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचं ठरवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने १२ मैलांच्या पलीकडेही एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने आपल्या १९८१ च्या मासेमारी कायद्यात बदल करून दंड वाढवले. एलईडीसाठी ५ ते २० लाख. शिवाय आधी ही प्रकरणं तहसीलदारांकडे जायची, ती मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिली. तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये १२ मैलांबाहेर पर्ससीनला आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार, असा अंतरिम आदेश दिला. मला तो इंजिनिअरिंगच्या दृष्टीने आवडला. यंत्राची क्षमता कमी करता येत नसेल, तर ते चालवण्याचे तास कमी करा.

इथपर्यंत लिहिलं आणि चुलतभावाला वाचून दाखवलं. तो ऐकून घेतो, पण सोडत नाही. त्याचं म्हणणं इथे देणं भाग आहे. पर्ससीन बोट म्हणजे कर्ज. चार महिन्यांत ते फिटत नाही. बोटीवर पंचवीस-तीस खलाशी, त्यांतले बरेच नेपाळचे, त्यांचा पगार बारा महिने मालकाच्या डोक्यावर. "आणि आम्ही ३१ डिसेंबरला जाळी गुंडाळली, की त्याच पाण्यात दुसऱ्या राज्याचे हायस्पीड ट्रॉलर येतात. मग आम्ही मासा वाचवला कोणासाठी?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. मासा हद्द ओळखत नाही आणि नियम हद्दीवर थांबतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने १२ मैलांच्या बाहेरच्या पाण्यासाठी नवे नियम काढले. यांत्रिक बोटींना प्रवेश पास, एलईडी आणि दोन बोटींनी एक जाळं ओढण्यावर बंदी, सहकारी संस्थांना प्राधान्य. सगळ्या राज्यांच्या बोटींना बाहेर तरी एकच नियम झाला. आतल्या पाण्याचं काय, हे भांडण शिल्लकच आहे.

वडिलांची बाजू वेगळीच. त्यांचा कुठल्याच नियमावर विश्वास नाही, कारण नियम त्यांना विचारून झालेला त्यांनी पाहिलेला नाही. १९८७ मध्ये मालवणला २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा होडीवाल्यांना पहिली शंका आली ती ही, की आता आपल्यालाच हाकलणार. कोरल वाचवायचं याला त्यांचा विरोध नव्हता. ज्याची होडी छोटी तो पहिला सापडतो, हा त्यांचा अनुभव होता. ते एकच वाक्य परत परत म्हणतात, "दर्यात मासो आसा, पण आमका गावना नाय." न्यूफाउंडलंडच्या छोट्या होड्यांनी सांगितलं होतं तेच.

राहिला तिसरा नळ, आणि आमचा मेसचा बांगडा. केरळने २०१५ मध्ये माशांच्या किमान लांबीचा नियम आणला, आधी १४ जातींना, पुढे ५८. त्यात बांगडा १४ सेंटिमीटरच्या आत पकडायचा नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींची यादी काढली. बोंबील १८ सेंटिमीटर, सुरमई ३७. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. कल्पना साधी आहे: माशाला आयुष्यात एकदा तरी अंडी घालू द्या. पण जाळ्यात आलेला बारका मासा वर येईपर्यंत मेलेला असतो. तो परत टाकून काय मिळणार? म्हणून खरा नियम जाळ्याच्या आशीचा. आणि तिथे जवळा आडवा येतो. आस मोठी केली तर जवळा निसटतो, आणि जवळ्यावर कितीतरी घरांच्या बायकांचा सुक्या मासळीचा धंदा आहे. बारका बांगडा कुणीच घेतला नसता तर तो पकडण्यात फायदाही उरला नसता. पण फिशमीलचे कारखाने तो किलोवर घेतात. आणि, पट्टीवाल्या मित्राने दाखवून दिल्याप्रमाणे, हॉस्टेलच्या मेससुद्धा.

जानेवारी २०२५ पासून राज्याच्या किनाऱ्यावर ड्रोनने लक्ष ठेवायला सुरुवात झाली आहे. आपल्या रोबोटिक्स क्लबला यात रस वाटेल. ड्रोनला बोट दिसते, तिचा नंबर दिसतो, ती कुठे आहे ते कळतं. बोटीच्या खणात बर्फाखाली काय लांबीचा मासा आहे ते त्याला दिसत नाही. ते बघायला जेटीवर किंवा बाजारात पट्टी घेऊन माणूसच लागतो.

मेस कमिटीच्या येत्या मीटिंगला मी विषय दिला आहे, की १४ सेंटिमीटरखालचा बांगडा घ्यायचा नाही. काकांनी हिशोब करून सांगितलं, मोठा बांगडा घेतला तर त्याच पैशात महिन्याचे चार बुधवार बसत नाहीत, तीन बसतात. रूममेटने विरोध नोंदवून ठेवला आहे. चौथ्या बुधवारी अंडाकरी चालेल का, यावर वाटाघाटी चालू आहेत.